इंजिनाची अंतर्शुद्धी

आमच्या सतरा वर्षांच्या गाडीचं इंजिन एकदा आतून धुऊन घ्यावं, असं मला एका शनिवारी सकाळी वाटलं. कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी तक्रार विभागात बसतो. यंत्राला वास येतो, यंत्र थरथरतं, यंत्र रात्री गातं, तक्रार कुठलीही असो, माझं उत्तर ठरलेलं: एकदा आतून साफ करून घ्या. (तेवढ्याने भागलं नाही तर बंद करून पुन्हा चालू करा. यापलीकडे मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, आणि साहेबांनाही कळत नसल्यामुळे आमचं छान चाललंय.)

बायकोला नवी गाडी हवी होती आणि मला जुनीच. त्या गाडीवर माझा जीव होता, हे सरळ कबूल करतो. माझ्या एका इशाऱ्यावर कामाला लागणारं घरात दुसरं होतंच कोण? बरीच खडाजंगी होऊन शेवटी तह झाला. रविवारी या गाडीने थोरल्या मेहुणीकडे, म्हणजे शेजारच्या गावी जायचं. गाडी धड जाऊन धड परत आली, तर बायको वर्षभर नव्या गाडीचं नाव काढणार नाही. नाही आली, तर सोमवारी शोरूम.

म्हणून शनिवारी सकाळी सकाळीच मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो आणि इंजिन फ्लश करून द्या म्हणालो. त्याने झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही ऑइल कधी वेळेवर बदललं नाही. आत मळ बसलाय. आता बसलाय तिथं बसू द्या. फक्त ऑइल बदलू या."

मळ बसू द्या! गिऱ्हाइकाला असं उत्तर आमच्याकडे कुणी दिलं असतं, तर त्याची तक्रार माझ्याच टेबलावर आली असती. माणूस कामचुकार आहे, असा निष्कर्ष काढून मी घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं आणि हे काम मी स्वतःच करणार असल्याचं जाहीर केलं. एरवी मी खिळा ठोकायला घेतला तरी ही औषधाची पेटी शोधायला जाते. पण आज चक्क 'करा' म्हणाली. एवढंच नाही, फ्लशचं औषध आणायला माझ्याबरोबर दुकानातही आली. लहान डबा घ्यावा की मोठा, अशा विचारात मी उभा होतो, तर म्हणते, घ्यायचाच तर मोठा घ्या. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कर्तृत्वावर तिने पहिल्यांदाच असा विश्वास टाकला होता. मला अगदी भरून आलं.

डबा इंजिनात ओतला आणि गाडी जागेवरच चालू ठेवली. डब्यावर दहा मिनिटं लिहिली होती. पण हट्टी डागांना जास्त वेळ द्यावा लागतो हा आमचा व्यावसायिक अनुभव, म्हणून मी वर जाऊन चहा घेतला, पेपर वाचला आणि सावकाश खाली आलो. मग गाडीखाली कपडे भिजवायचा टब सरकवून बूच काढलं. बाहेर जे आलं त्याला ऑइल म्हणणं धाडसाचं होतं. मी अभिमानाने शेजाऱ्यांना बोलावून तो टब दाखवला. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, एवढं आत असताना ही गाडी चालत कशी होती? त्यांच्या अज्ञानाला मी हसलो. (त्या दिवसभरातला शहाणा प्रश्न तेवढा एकच होता, हे मला पुढे कळलं.)

नवं ऑइल भरून रविवारी निघालो. इंजिनाचा आवाजसुद्धा येत नव्हता. अर्धा रस्ता मी फक्त स्वतःबद्दल बोललो. मग चढावर समोर ऑइलचा लाल दिवा लागला.

बायको म्हणाली, दिवा लागलाय. मी म्हणालो, ऑइल नवं आहे, दिव्याला अजून सवय नाही. तरीही खबरदारी म्हणून गाडी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा विझला. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहतो तोच तो पुन्हा लागला. थोड्या वेळाने पत्र्याच्या डब्यात चमचे खुळखुळवावेत तसा आवाज आला आणि मग कसलाच आवाज येईना. टोचन करून गाडी मिस्त्रीकडे नेली, आणि मेहुणीच्या घरचं जेवण मेहुणीच्या घरीच राहिलं.

सोमवारी मिस्त्रीने इंजिन खालून उघडलं. सगळा मळ सुटून ऑइल खेचणाऱ्या जाळीवर जाऊन बसला होता. खाली ऑइल भरपूर, पण वर थेंब पोचत नव्हता. इंजिन जाम. दुरुस्तीच्या खर्चात अशा दोन गाड्या आल्या असत्या. त्या उघड्या इंजिनाकडे पाहताना मला खरोखरच रडू येत होतं.

"वहिनी, शनिवारी फोनवर मी हेच सांगितलं होतं ना?" मिस्त्री हात पुसत म्हणाला.

मी वळून बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. तहाप्रमाणे तिथून थेट शोरूम गाठलं. तिथल्या मऊ सोफ्यावर बसल्यावर मला राहवेना.

"म्हणजे तुला सगळं माहीत होतं?"

"जाळीपासून लाल दिव्यापर्यंत."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

तिने रंगांचा तक्ता बाजूला ठेवला.

"अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही आपणहून काही साफ करायला घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते," ती म्हणाली. "मन मोडवेना."