सासूबाईंचं विमान

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. देवाशपथ. म्हणजे नव्वद टक्के धरा. मी मिरचीच्या आडत दुकानात तोलाई लिहिणारा माणूस, बारदान, म्हणजे पोत्याचं वजन, वजा केल्याशिवाय मला कुठलाही आकडा पचत नाही. खोटा आहे तो भाग अगदी लहान आहे. (लहान म्हणजे जिथे मी बरा माणूस वाटतो, तेवढाच.)

अधिक महिना लागला की आमच्याकडे जावयाची चैन असते. सासुरवाडीला जायचं, पुरणाचे धोंडे खायचे, अनारसे बांधून घ्यायचे आणि वर ‘कशाला उगाच’ म्हणायचं. यंदाही आमच्या सासूबाई, प्रमिलाबाई, तापीकाठच्या प्रकाशा गावाहून नंदुरबारला आमच्याकडे आल्या आणि विचारलं, ‘जवाईबुवा, औंदा धोंडाले काय दिऊत तुम्हले?’

‘काही नको’ म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर माझा मेहुणा नवनीत बसला होता आणि तो गालात हसत होता. मी म्हणालो, ‘आई, दरवेळी तुम्ही देता. यंदा मी देणार.’

‘काय देशात दाजी?’ नवनीत म्हणाला. ‘लुगडं?’

‘विमान,’ मी म्हणालो.

कुठून तोंडात आलं ते कळलं नाही. पण सासूबाईंच्या हातातला कप तिथेच थांबला. त्यांच्या शेतावरून रोज दुपारी चारला एक विमान जातं. पन्नास वर्षं त्या निंदणी थांबवून ते बघत आल्या. आपलं गाव, देऊळ, तापी आणि आपल्या घराचं छप्पर वरून कसं दिसतं, एवढं एकदा बघायचं, ही त्यांची इच्छा. त्यांनी फक्त विचारलं, ‘खरंच?’

त्या ‘खरंच’नंतर मागे फिरणं शक्य नव्हतं. (प्रयत्न केला. रोहिणीने, म्हणजे बायकोने, स्वयंपाकघरातून बघितलं.)

भाड्याचं विमान म्हणजे जेट, अशी माझी समजूत. बाजारात मी तसं सांगूनही टाकलं. फोनवर अजित नावाचा एजंट भेटला. जेट आपल्या ऐपतीत नाही आणि हेलिकॉप्टरं सगळी पुढाऱ्यांच्या दौऱ्यांत गुंतलेली, असं तो म्हणाला. ‘पण एक विमान आहे साहेब. दोन पंखे, पायलट सोडून चार माणसं. फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून मोकळं असतं.’ नाव त्याने सांगितलं. ते मी कधी ऐकलं नव्हतं आणि विमानानेही नंदुरबारचं नाव ऐकलं नसावं.

‘फक्त चौघांचं वजन कळवा,’ अजित म्हणाला. ‘कपड्यांसकट. अगदी अचूक. लहान विमानात त्यावरच सगळं असतं.’

मला हसू आलं. वजन! तीस वर्षं दुसरं केलंय काय?

मिरचीचा हंगाम संपलेला, काटा मोकळा होता. मी सगळ्यांना दुकानात नेलं. काट्यावर आमचे जुने हमाल गुलाबसिंग होते. त्यांची सवय अशी की, आकडा आला की तो चार दुकानं ऐकतील असा पुकारायचा. रोहिणी काट्यावर उभी राहिली आणि गुलाबसिंग गरजले, ‘एकोणसत्तर चारशे!’

पलीकडच्या आडत्याने सवयीने लिहूनही घेतलं.

‘तुम्हीन मन्हं वजन आख्खा बजारले सांगी टाकं!’ रोहिणी म्हणाली. नंतर दोन दिवस ती एवढंच बोलली.

आता माझ्या हाताची खोड बघा. प्रत्येक आकड्यातून मी दोन किलो कापले. बारदान! (साडी, शर्ट वगैरे.) नवनीत घामाने निथळत होता, त्याचे ओल्या मिरचीला कापतात तसे ओलीचे आणखी दोन. मी स्वतः काट्यावर चढलो नाही. गुलाबसिंग पुकारले असते. कागदावर माझं लिहिलं: हेमकांत, अठ्ठ्याहत्तर.

मग उड्डाणाच्या आदल्या दिवशी प्रकाशाला धोंड्याचं जेवण झालं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, धोंडे. मी किती खाल्लं ते सांगत नाही. वाढणारी माणसं बदलली, मी तोच होतो.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या धावपट्टीवर विमान उभं होतं. आमच्या शेजारच्या ट्रॅक्टरपेक्षा थोडं मोठं.

‘दाजी,’ नवनीत म्हणाला, ‘हाई काय जेट शे?’

‘जेटच्याच जातीचं,’ मी म्हणालो.

सासूबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी विमानाला हळद-कुंकू लावलं आणि पंख्याला नमस्कार केला. पायलट म्हणजे कॅप्टन रिना, आमच्या मुलीच्या वयाची. तिने एक लहानसा वजनकाटा जमिनीवर ठेवला. ‘चढण्याआधी पुन्हा एकदा, प्लीज.’

सगळे दोन-चार किलोंनी वाढले होते. मी चढलो. काट्याने चौऱ्याण्णव दाखवले.

‘अठ्ठ्याहत्तर?’ रोहिणी म्हणाली. दोन दिवसांनंतरचा तिचा पहिला नवा शब्द.

‘ते आपल्या लग्नाच्या वर्षीचं होतं,’ मी म्हणालो.

आम्ही आत बसून पट्टे बांधेपर्यंत रिनाने हिशेब केला. ‘एवढ्या उन्हात विमान कमी वजन उचलतं. सत्तावीस किलो जास्त होतंय. एकाला थांबावं लागेल.’ दोन फेऱ्या होतील का, नवनीतने विचारलं. विमानाला तासाभरात दुसरीकडे जायचं होतं.

मग सासूबाई म्हणाल्या, ‘मीच उतरस. मन्हं काय, खालतून दखी लिसू.’

तेव्हा मी पुढे झालो. ‘आई, हे विमान तुमचं आहे,’ म्हणालो आणि पट्टा सोडून खाली उतरलो. नवनीतने डोळे पुसले. रोहिणीने माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नातही बघितलं नव्हतं. विमान उडालं. प्रकाशावर आल्यावर गोमाई तापीला मिळते ती जागा दिसली, देवळाचा कळस दिसला, सासूबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसल्या.

तुम्ही विचाराल, खाली उतरलेल्या माणसाला कुरडया कशा दिसल्या?

तर हाच तो खोटा भाग. मी उतरलो नव्हतो.

‘नको नको आई,’ मी म्हणालो होतो. एकदा म्हणालो. दुसऱ्यांदाही म्हणालो. आग्रहाची रीत तीनदा म्हणायची आहे, तिसऱ्यांदा म्हटलं की समोरचा मानतो. पण बाजारभर जेट सांगून ठेवलं होतं, फोटो दाखवायचा होता. माझं तोंड ‘नको’ म्हणत होतं आणि हात पट्टा आवळत होते. तिसऱ्यांदा मी गप्प बसलो. सासूबाई उतरल्या. रोहिणीही उतरायला निघाली, तर त्यांनीच तिला आत ढकललं. ‘जाय वं पोरी, घर दखी ये.’ जाताना-येताना विमानात कुणी माझ्याशी बोललं नाही. कॅप्टनसुद्धा.

परत आलो तेव्हा त्या तिथेच उन्हात, कपाळावर हात धरून उभ्या होत्या.

‘काय दिसनं जवाईबुवा?’

माझ्याच्याने कुरडयांचं सांगवेना. ‘धूळ होती, आई. काहीच दिसलं नाही.’ हेही खोटं.

‘मंग बरं व्हयनं, मी उतरी गऊ ते,’ त्या समाधानाने म्हणाल्या. मग जरा जवळ येऊन, चारचौघांत जावयाचा अपमान नको म्हणून अगदी हळू आवाजात, ‘पन एक सांगू? इमान सारखं तुम्हनी बाजूले कलंडी ऱ्हायनं व्हतं.’