चाळीस झाकणं

टेबलावर चाळीस डब्या होत्या, चाळीस झाकणं होती, आणि कुठलंच झाकण कुठल्याच डबीवर बसत नव्हतं.

"जोर लाव," आई म्हणाली.

"आई, लाकूड आहे. तडकेल."

"मग हळू जोर लाव."

ज्ञानदाने हळू जोर लावला. झाकण एका कोपऱ्यात बसलं आणि लगेच समोरच्या कोपऱ्यातून उठलं. तिने दुसरं घेतलं. ते बसलं, पण इतकं सैल की उचलताच खाली पडलं. तिसरं दोन्ही बाजूंनी अडलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि संध्याकाळी पाच वाजता द्वारकाजी डब्या न्यायला येणार होते.

डब्या बाबांच्या होत्या. मोरेश्वरराव विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले, निवृत्त झाले आणि प्रताप नगरातच राहिले. फायलींमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या या माणसाने मग करवत हातात घेतली आणि शिसवाच्या तुकड्यांपासून हाताच्या ओंजळीत मावतील एवढ्या डब्या करायला सुरुवात केली. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी सगळीकडून बंद अशी पेटी जोडायची, आणि मग तीच पेटी वरून कापून झाकण वेगळं करायचं. त्यामुळे लाकडाच्या रेषा डबीवरून झाकणावर न तुटता चढत. आणि त्यामुळेच एका डबीचं झाकण दुसरीला बसत नसे. स्वतःच्या डबीलाही उलटं धरलं तर बसत नसे.

द्वारकाजींचं बनी पार्कात तिकिटं आणि हॉटेलं काढून देण्याचं छोटं ऑफिस होतं. दर दिवाळीला ते गिऱ्हाइकांना मिठाई देत. गेल्या वर्षी त्यांनीच दिलेला काजूकतलीचा डबा चार घरं फिरून त्यांच्याच घरी परत आला, तेव्हा त्यांचं मन मिठाईवरून उडालं. "छोटी-सी चीज़ हो, मोरेश्वरजी, पर हाथ की हो," असं म्हणून त्यांनी चाळीस डब्या सांगितल्या. बाबांनी श्रावणातच सगळ्या पुऱ्या केल्या. फक्त मेण लावायचं राहिलं होतं. भाद्रपदात बाबा गेले.

भेटायला आले तेव्हा द्वारकाजी स्वतःच म्हणाले होते की डब्यांचं राहू दे. आई, म्हणजे चारुलताबाई, तेवढ्यापुरती ताठ बसून म्हणाली होती, "त्यांनी तुम्हाला शब्द दिलाय. धनतेरसच्या आदल्या दिवशी डब्या मिळतील." यंदा घरात दिवाळी नव्हती. होत्या त्या या डब्या.

म्हणून ज्ञानदाने बँकेतून दोन दिवस रजा घेतली. प्रत्येक डबीत आणि झाकणात आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडे लिहिलेले तिला दिसले. बाबा कशावरही मापं लिहीत. वर्तमानपत्राच्या कडेला, औषधाच्या पाकिटावर, एकदा तर शेजारच्या लग्नपत्रिकेवर. भेटवस्तूत असली आकडेमोड बरी दिसत नाही, म्हणून तिने बारीक पॉलिशपेपर घेऊन सगळे आकडे पुसले. अगदी स्वच्छ. त्याच वेळी गच्चीवर आईने सगळी झाकणं एका परातीत गोळा करून त्यांना मेण चोळलं. तेही अगदी मन लावून. दोघींपैकी एकीनेच चूक केली असती तर निभावलं असतं.

"तू पुसलेस कशाला?"

"तू वेगळी केलीस कशाला?"

"वेगळी केल्याशिवाय मेण कसं लावणार?"

"मला काय माहीत ते जोड्यांचे नंबर आहेत!"

"ते मलाही माहीत नव्हतं," आई म्हणाली, "पण मी पुसले नाहीत."

ज्ञानदाने पॉलिशपेपर पाहिला. त्यावर राखाडी भुकटी होती. बाबांचं अक्षर तिने ऐंशी वेळा पुसलं होतं. आई चहा ठेवायला उठली.

चहाच्या वासाने वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कौशिक खाली आला. तो नाशिकचा, कॉम्प्युटरवाला, घरूनच काम करायचा आणि काकूंच्या चहाच्या वेळा त्याला मीटिंगच्या वेळांपेक्षा पक्क्या ठाऊक होत्या. परिस्थिती ऐकून त्याचे डोळे चमकले.

"काकू, हा तर सोपा प्रॉब्लेम आहे. प्रत्येकाची लांबी-रुंदी मोजायची, लॅपटॉपवर टाकायची, जोड्या आपोआप निघतात. अर्ध्या तासाचं काम."

त्याने शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी मागितली. तो माप सांगे आणि स्वतःच टाइप करी. दीड तासाने त्याने घाम पुसला.

"काय निघालं?" ज्ञानदाने विचारलं.

"ताई, डेटा असं सांगतो," कौशिक जरा खाकरला, "की सगळी झाकणं सगळ्या डब्यांना बसतात."

"मग डेटालाच बसवायला सांग," आई म्हणाली.

बाबांनी माप इतकं काटेकोर ठेवलं होतं की पट्टीवर सगळ्या डब्या सारख्या आणि हातात प्रत्येक वेगळी.

एवढ्यात समोरच्या सुमनजी कढीपत्ता मागायला आल्या. दारातूनच त्यांनी टेबल पाहिलं, मग तिघांचे चेहरे पाहिले आणि चप्पल काढून आत आल्या. त्यांनी एक झाकण उचलून खिडकीतल्या उजेडात धरलं. डब्यांवरून एकदा नजर फिरवली, तिसऱ्या रांगेतली एक डबी ओढली आणि झाकण ठेवलं. टप् असा आवाज झाला.

तिघंही बघत राहिले.

"ये कैसे किया, आंटी?" कौशिकने विचारलं.

"धारी देखो ना, बेटा. यहाँ से उठ रही है, वहाँ जा रही है." लाकडाच्या रेषेवर बोट फिरवत सुमनजींनी दुसरं झाकण उचललं. "तीस साल से साड़ी का ब्लाउज मैच कर रही हूँ. दुकानवाला सौ गुलाबी निकालता है, मेरावाला एक ही होता है."

टप्.

मग सगळे त्यांचे शिष्य झाले. कौशिकने लॅपटॉप मिटला. ज्ञानदा एकेक झाकण उजेडात धरू लागली. एकावर नदीसारखी वळणं होती, एकावर गाठ होती आणि गाठीचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या टोकाच्या डबीवर सापडला. बाबांनी या डब्या केल्या तेव्हा ती रोज सकाळी त्यांच्या बाजूने घाईत बाहेर पडत असे. "छान झालीये हं," असं न बघता म्हणत असे. आज तिने प्रत्येक डबी पाहिली. आपण ते आकडे पुसले नसते, तर चाळीसही डब्या न बघताच बांधून दिल्या असत्या, असं तिच्या मनात आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला स्वतःचा राग आला नाही.

साडेचारला शेवटची डबी आणि शेवटचं झाकण उरलं. ते बसेना. आईने झाकण हातात घेतलं, उलटं फिरवलं आणि ठेवलं. टप्.

"असेच होते ते," ती म्हणाली. "एका बाजूने समजूत घातली की बसायचे नाहीत."

परत घोटाळा नको म्हणून कौशिकने गोल पांढरे स्टिकर आणले आणि प्रत्येक डबीच्या तळाला आणि तिच्या झाकणाच्या आत एकच आकडा चिकटवला. एक ते चाळीस, लाल शाईत. पाचला द्वारकाजी आले, एक डबी गालाला लावून पाहिली, डोळे पुसले आणि खोकी गाडीत घालून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांचा फोन आला.

"बेटा, एक बात कहूँ, बुरा मत मानना. डिब्बियाँ लाजवाब हैं. बस, वो दाम…"

"कसले दाम?" घाबरून ज्ञानदा मराठीतच बोलली.

"किसी पर सात लिखा है, किसी पर उनतालीस. अब सात रुपयेवाली मैं किसको दूँ? और उपहार पर दाम अच्छा भी नहीं लगता. तो हमने सुबह बैठकर सारे स्टिकर उतार दिए."

"झाकणांवरचेही?"

"वो भी. ढक्कन का दाम अलग से, यह तो हमने भी पहली बार देखा." त्यांनी आवाज खाली आणला. "फिर इलायची भरने के लिए सब खोलकर रखीं. अब बेटा, एक छोटी-सी दिक्कत है."

दिक्कत ज्ञानदाला पाठ होती. तिने फोन ठेवला, आईकडे पाहिलं, आणि आई न विचारता समोरच्या घराकडे बघून ओरडली, "सुमनजी! चप्पल पहनो!"

कौशिकच्या गाडीत चौघं बसले. दिवाळीची गर्दी अशी, की टोंक रोडवर गाडीपेक्षा पायी जाणारे पुढे जात होते. बनी पार्कात पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि ऑफिसच्या अंगणात धनतेरसच्या भेटीसाठी बोलावलेली गिऱ्हाइकं येऊन बसली होती. मधल्या टेबलावर एकीकडे डब्या, एकीकडे झाकणांचा ढीग आणि त्यापलीकडे घामाघूम द्वारकाजी.

"पंधरा मिनिटं द्या," ज्ञानदा म्हणाली. पण पंधरा मिनिटं कुणी देणार नव्हतं. प्रज्ञाजी नावाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आधीच टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी एक डबी घेतली, एक झाकण घेतलं, लावून पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"द्वारकाजी, यह तो बंद ही नहीं होती."

द्वारकाजींनी ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदाने सुमनजींकडे पाहिलं. सुमनजी पुढे झाल्या.

"होगी, मैडम. हर डिब्बी का ढक्कन एक ही है. ढूँढना पड़ता है. धारी देखिए."

प्रज्ञाजींनी चष्मा बदलला. शेजारचे गृहस्थ मदतीला उठले. मग त्यांची बायको उठली, त्यांना रंग कळत नाहीत म्हणून. पाच मिनिटांत सगळं अंगण टेबलाभोवती होतं. "अरे, यह मेरी गाँठ है, इधर दो!" "भाईसाहब, उल्टा करके देखिए." एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकमेकांच्या हातातली लाकडं उजेडात धरत होती. टप् आवाज झाला की टाळ्या पडत होत्या. मिठाईचा डबा कुणी उघडूनही बघत नाही. इथे आपली डबी बंद झाल्याशिवाय कुणी घरी जायला तयार नव्हतं.

आई ज्ञानदाच्या बाजूला उभी राहून बघत होती. "चौतीस वर्षं नोकरी केली," ती हळूच म्हणाली, "पण दोन माणसांना एका टेबलाशी एकमताने बसवणं त्यांना जमलं नाही. आज बघ."

निघताना द्वारकाजी गेटपर्यंत आले. "भाभीजी, अगले साल भी यही. और ढक्कन अलग ही भेजना." मग एकदम भान येऊन त्यांनी हात जोडले. "माफ़ कीजिए. मैं भूल गया."

"भेजेंगे," आई म्हणाली.

गाडी सुरू झाल्यावर ज्ञानदा आईकडे वळली.

"आई, भेजेंगे काय? करणार कोण?"

"तू कापायचंस, मी मेण लावायचं."

"मला करवत धरता येत नाही. झाकण वाकडं कापलं गेलं तर?"

"तर सुमनजींना शोधायला जरा जास्त वेळ लागेल," आई म्हणाली आणि पदराने चष्मा पुसू लागली. "उद्या उन्हं कलली की अडगळीतून तेवढी करवत काढ. बघू तरी."