धुरीकाकांची नारिंगी जाकिटं

दुबईत आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायणाच्या पूजेला रेशमी झब्ब्यावर चकाकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट घालून येणारा माणूस एकच, विश्राम धुरी. धुरीकाका दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. तिथे ते जाकीट घालावंच लागतं. पण काका ते घालून भाजी आणायलाही जातात. आमची कन्या दार उघडते ती ओरडतच, "पप्पा, ऑरेंज अंकल इज हिअर!"

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे "दिसतोयस का तू?" एकदा मी मातकट रंगाचा नवा शर्ट घालून निघालो होतो. काकांनी मला पार्किंगच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून ओरडले, "खलास! वाळूत वाळू झालास. यल्ला, बदलून ये!" मीही मुकाट्यानं बदलून आलो.

भारतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत त्यांचं एक पार्सल घुसतंच. या सुट्टीत मी सासुरवाडीला, कुडाळला निघालो, तर काका बारा जाकिटं आणि बारा टोप्या घेऊन हजर. त्यांचं गाव तिथून जवळच.

"काका, गावात मेट्रो काढताय की काय?"

ते हसले नाहीत. "आमचे लोक शिकारीला जातात ना. पोचव, प्लीज. आणि बघून ये, घालतात का."

सोबत हातानं लिहिलेला कागद होता. जाकीट सगळ्या कपड्यांच्या वरून. टोपीसुद्धा नारिंगीच, कारण झुडपाआडून आधी डोकं दिसतं. समोर काय आहे ते नीट दिसल्याशिवाय बार नाही. आणि शेवटी, खाली रेघ मारून: डुकराला हा रंग कळत नाही, माणसाला कळतो.

तो कागद मी बायकोला वाचून दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

काकांच्या गावात घराची वाट दाखवली ती विटक्या नारिंगी जाकिटातल्या एका म्हाताऱ्यानं. अंगणापर्यंत आला नाही, लांबूनच वळला. घरात काकांच्या धाकट्या भावाची बायको, सुनंदावहिनी, होत्या. त्यांनी पार्सल न उघडताच माळ्यावर टाकलं. तिथे आधीची चार तशीच पडून होती. एक जाकीट मात्र परसातल्या बुजगावण्याच्या अंगात होतं.

"पुरुषमाणसं हसतात हो," त्या म्हणाल्या. "म्हणतात, रानात काय वरातीला जायचंय?"

मग त्यांनीच सांगितलं. रानडुकरं शेताची नासधूस करतात, म्हणून गावची मंडळी बंदुका घेऊन रानात उतरतात. सहा वर्षांपूर्वी वहिनींचे यजमान, सदानंद, डुकरं हाकायला गेले होते. अंगात नवाकोरा शर्ट, लष्करी छापाचा, पानांच्या रंगाचा. काकांनी शारजातल्या रोल्लाच्या बाजारातून हौसेनं घेऊन धाडलेला. झुडूप हललं आणि शेजारच्या बापूंनी बार काढला. डुक्कर नव्हतं.

"भावोजी तेव्हापासून बापूंशी बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "पण खरा राग त्यांचा स्वतःवरच आहे."

परत आलो तर काका पार्किंगमध्येच उभे. प्रवास कसा झाला वगैरे काही नाही. "घातली का कुणी?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण जे पाहिलं-ऐकलं तेच सांगितलं. "एकानं, काका. बापूंनी. मला वाट दाखवणारे तेच, वहिनींनी सांगितलं. बंदूक त्यांनी तेव्हाच सोडली. पण तुमच्या पहिल्या पार्सलातलं जाकीट मागून नेलं, ते रोज अंगात असतं, देवळात जातानासुद्धा. पार विटलंय आता."

काकांनी मोबाइल काढला. सहा वर्षं न लावलेला नंबर त्यांना पाठ होता. पलीकडून "हॅलो" आलं.

"बापू," काका म्हणाले, "जाकीट धुतलंस काय सावलेत सुकत घाल रे. उन्हात रंग उडता. नवा धाडतंय तुका."