दाराचं माप

मास्तरांनी खोलीचं माप घेतलं तेव्हा दार बंद होतं. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून घडलं.

ज्या शिंप्याचा उभा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला, त्याने असं करावं? बाही बेतताना हेच मास्तर गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हात वाकवा बघू कोपरात. नुसतं सरळ उभं राहून माणसाचं भागत नाही." दाराचंही नुसतं सरळ उभं राहून भागत नाही, ते आत उघडावं लागतं, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. कारण त्यांचं डोकं त्या दिवशी खोलीत नव्हतंच. ते मुलीच्या फोनमध्ये अडकलं होतं.

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. कधी कामानिमित्त इकडे आलीच तर सकाळी येऊन जेवायची आणि संध्याकाळी हॉटेलवर जायची. आई गेल्यावर पहिले काही दिवस राहिली, त्यानंतर तिने या घरात एक रात्र काढली नव्हती. आताही तीन दिवसांसाठी येणार होती आणि हॉटेल ठरलेलं होतं.

"घर असताना हॉटेल कशाला?" मास्तर फोनवर म्हणाले होते.

"बाबा, मला तिथे झोपच लागत नाही हो."

"का नाही लागत?" असं शहाण्या माणसाने विचारलं असतं. मास्तरांनी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला कुठे घट्ट होतंय ते आपल्याला नजरेनंच कळतं, अशी त्यांना खोड होती. त्यामुळे ते एकदम भडकले. "नसेल येत झोप तर नको राहूस. आम्ही कोण सांगणारे!"

"असं काय बोलता बाबा? बघू. आल्यावर बघू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

स्वयंपाकघर सोडलं तर घरात दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांची पायमशीन आणि खाट. आतली छोटी खोली झोपायची, पण बायको गेल्यावर मास्तर त्या खोलीत झोपेनासे झाले. हळूहळू तिथे कोट साठले. लोकांनी शिवायला टाकलेले आणि न्यायला विसरलेले कोट. कुणी गाव सोडलं होतं, कुणी जाड झालं होतं, कुणी गेलंच होतं. मास्तरांना एकही टाकवेना. संध्याकाळी दिवा लावला की त्या खोलीत बिनमाणसांची गर्दी उभी दिसायची. अशा ठिकाणी कुणाला झोप येणार, मास्तरांनी स्वतःच ठरवून टाकलं. मऊ गादी हवी, अंधार हवा आणि आवाज नको.

मग ते कामाला लागले. कोटांचा लोखंडी स्टँड ओढत बाहेरच्या खोलीत आणला. खिडकीला जाड पडदा शिवला. पंख्याला तेल घातलं. टिकटिक करणारं घड्याळ भिंतीवरून उतरवलं. मशीनवर झाकण घालून ठेवलं, कारण लहानपणी बिचारी त्या खडखडाटातच झोपायची. आणि पलंगासाठी मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री मनाने चांगला, पण त्याला काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच. "होऊन जाईल." मापात बसेल ना? होऊन जाईल. वेळेवर होईल ना? होऊन जाईल. आळीतले लोक त्याला होऊनजाईल याच नावाने ओळखायचे.

"पलंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाहिजे," मास्तर टेप गळ्यात टाकत म्हणाले. "मध्ये सुई शिरायला फट नको. लहानपणी झोपेत खाली पडायची ती."

"आता किती वर्षांची आहे?"

"आता मोठी साहेब आहे. पण सवयी का जातात?"

मुलगी यायच्या दिवशी दुपारपर्यंत पलंग उभा राहिला. खोलीत जमीन म्हणून काही राहिली असेल तर ती दारापाशी वीतभर. मिस्त्रीने भोकं पाडायच्या यंत्राची बॅटरी उतरली म्हणून ते बाहेर चार्जिंगला लावलं, करवत पिशवीत टाकली, पिशवीही बाहेर ठेवली. आता निघणार, एवढ्यात मास्तरांना आठवलं.

"अहो, तिची बॅग कुठे राहणार?"

"ठेवतील की पलंगाखाली."

"पलंगाखाली ठेवलेली बॅग जाणाऱ्याची असते. राहणाऱ्याची बॅग नीट जागेवर ठेवलेली असते. पायथ्याशी एक पेटी करा."

मास्तरांनी ताबडतोब दार लोटून माप घेतलं. मिस्त्री म्हणाला, होऊन जाईल. उरलेल्या फळ्या, हातोडा आणि सरसाचा डबा घेऊन तो आत आला. पेटी बसवायला अडचण नको म्हणून दार लावून घेतलं. पेटी तिथे अशी बसली की काय सांगावं! जणू अंगावर बेतलेला कोट.

"आता सरस धरेपर्यंत वजन पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "बसू या आपण दोघं पेटीवर."

दोघं बसले. मिस्त्रीने आपल्या बायकोच्या तक्रारी सांगितल्या, मास्तरांनी आपल्या बायकोचं कौतुक सांगितलं. दुपारच्या वेळी कुणी शेजारी बसून बोलतंय, ही गोष्ट मास्तरांच्या घरात बऱ्याच दिवसांनी होत होती. त्यांना वाटलं, सरस जरा सावकाशच धरला तर बरं. पण सरस चांगल्या प्रतीचा होता. तो वेळेवर धरला.

"चला, चहा टाकतो," म्हणत मास्तर उठले आणि दार ओढलं. दार चार बोटं उघडलं आणि पेटीला ठक्कन आपटून थांबलं.

मास्तरांनी पुन्हा ओढलं. मिस्त्रीने ओढलं. दोघांनी मिळून ओढलं.

"मिस्त्री, हे काय झालं?"

"होऊन ग... म्हणजे अडकलो आपण, मास्तर."

खिडकीला गज होते. पलंग हलवावा तर दोन्ही भिंतींना घट्ट. चार बोटांच्या फटीतून बाहेरची खोली मात्र छान दिसत होती. मिस्त्रीची पिशवी, कोटांचा स्टँड, झाकलेली मशीन आणि मशीनवर ठेवलेला मास्तरांचा फोन.

"घाबरू नका. पेटी फोडतो," मिस्त्रीने हातोडा उचलला.

"खबरदार! आज ती यायची आणि आज पेटी मोडायची?"

"मग काय, इथेच संसार मांडायचा का आपण?"

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर फटीला डोळा लावून उभे राहिले. फोन वाजला, वाजला आणि गप्प झाला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"तीच आहे," मास्तर दार धरून म्हणाले. "तिला वाटेल, म्हातारा अजून रागात आहे. सरळ हॉटेलवर जाईल हो ती. फोडा, मिस्त्री! फोडा पेटी!"

मिस्त्रीने दाणदाण हातोडा घातला. पेटी जागची हलली नाही. दहा घाव घालून तो घाम पुसत खाली बसला. "मास्तर, आईशप्पथ सांगतो, माझं काम इतकं पक्कं आजवर कधी झालं नव्हतं."

"आजच व्हायचं होतं?"

मग दोघांनी दारावर धपाधप बुक्क्या मारायला सुरुवात केली. "अहो, कुणी आहे का? सोडवा हो!" भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला.

"मास्तर, त्या मिस्त्रीला म्हणावं, जरा हळू ठोक! सकाळपासून डोकं उठवलंय मेल्याने!"

"काकू, अडकलोय आम्ही!"

"काय? लटकवलंय? छान, छान. संध्याकाळी येते बघायला." आणि काकूंनी कूस बदलली असावी. मिस्त्री घरात असताना ठोकण्याचा आवाज येणारच. त्यात कोण कशाला उठेल?

फोन तिसऱ्यांदा वाजला. आता मास्तरांना राहवेना. त्यांनी गळ्यातला टेप काढला, त्याच्या टोकाला एक वाकडा खिळा बांधला, हात फटीतून बाहेर काढला आणि फोनच्या दिशेने टेप फेकला.

"मास्तर, मासा आहे का तो?"

"गप्प बसा. लागला, लागला! काहीतरी लागलं!"

लागला होता तो कोटांचा स्टँड. मास्तरांनी जोर लावला, स्टँड डुलला आणि सगळ्या कोटांसकट धाडकन आडवा झाला. धक्क्याने फोन मशीनवरून पडला, त्यावर कोट पडले आणि आता तो ढिगाच्या पोटातून बारीक आवाजात वाजू लागला. मास्तर पेटीवर मटकन बसले.

"सगळी तयारी केली होती हो," मास्तर म्हणाले. "आवाज नको, उजेड नको. एक रात्र राहिली असती तर बरं वाटलं असतं. रात्री पाणी प्यायला उठलो की घरात कुणाचा तरी श्वास ऐकू आला असता. बाकी मला तिच्याकडून काय पाहिजे?"

मिस्त्रीला 'होऊन जाईल' म्हणवेना.

बाहेरचं दार मिस्त्रीच्या ये-जा करण्याने नुसतं लोटलेलं होतं. ते करकरलं. दोघांनी एकदम फटीला डोळे लावले, एकाचा वर, एकाचा खाली.

मुलगी आत आली होती. एका हातात बॅग, एका हातात कानाला लावलेला फोन. समोर आडवा स्टँड, कोटांचा ढीग आणि ढिगातून वाजणारा बापाचा फोन. तिने बॅग तिथेच टाकली.

"बाबा!"

ती ढिगावर तुटून पडली. एकेक कोट उचलून मागे फेकायला लागली. "बाबा! बाबा, बोला ना! काकू, धावा हो कुणीतरी! बाबा!" तिचा आवाज रडका झाला. कोट फेकताना तिच्या केसांची पिन पडली, तिचं तिकडे लक्षही गेलं नाही.

मास्तर बघत राहिले. हाक मारायची, 'अगं, मी इथे आहे' म्हणायचं, हे त्यांना सुचेचना. आपल्याला कुणी इतक्या जिवाने शोधेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मिस्त्रीने त्यांना कोपराने ढोसलं. "मास्तर, बोला की! ती पोर वेडी होईल!"

"अगं... इकडे," मास्तर म्हणाले. "आम्ही इकडे आहोत."

मुलगी गर्रकन वळली. दाराच्या फटीत एकाखाली एक असे दोन डोळे होते. ती धावत आली, फटीतून हात घालून तिने बापाची बोटं घट्ट धरली आणि मग जी काही सुरू झाली!

"काय चाललंय काय हे तुमचं? फोन उचलायला काय होतं? मला वाटलं... जाऊ दे मला काय वाटलं! आत काय करताय? आणि हे कोण?"

"नमस्कार ताई," मिस्त्री खालून म्हणाला. "ती पिशवीतली करवत जरा द्याल का?"

करवत फटीतून अलगद आत आली. त्यामागोमाग पाण्याची सपाट बाटली आणि एकेक करून बिस्किटंही आली. मिस्त्रीने करवत पेटीला लावली.

"पेटीला हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, मघाशी तुम्हीच फोडा म्हणालात!"

"मघाशी ती येणार नव्हती. आता आलीय. ती तिच्या बॅगेची जागा आहे. दार कापा."

दाराबाहेर मुलीने टाकलेल्या बॅगेकडे वळून बघितलं.

दार जुनं होतं, आतून वाळवीने पोखरलेलं. करवत त्यातून लोण्यातून गेल्यासारखी गेली. अर्धं दार बाहेर पडलं, अर्धं बिजागऱ्यांना लोंबत राहिलं, तेही मिस्त्रीने काढून टाकलं. आरडाओरडा ऐकून आलेल्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, एवढा सकाळपासून खपून मिस्त्रीने दार मोडून ठेवलं?" मिस्त्री म्हणाला, नवीन होऊन जाईल, आणि काही ऐकून घ्यायच्या आत पिशवी उचलून पळाला.

काकू गेल्या. चहा झाला. मुलगी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली, पडदा बघितला, भिंतीवर घड्याळाची रिकामी जागा बघितली. बॅग मात्र अजून बाहेरच होती.

"छान झालीय खोली," ती म्हणाली. "जरा पाठ टेकते आणि मग निघते हॉटेलवर. हरकत नाही ना?"

"नाही. हरकत कसली?" मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती आडवी झाली. या कुशीवर वळली, त्या कुशीवर वळली. मास्तर बाहेर श्वास रोखून बसले. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"बाबा, मशीनवर झाकण का घातलंय?"

"तुला त्रास नको म्हणून. झोप लागत नाही म्हणालीस ना?"

"ती बंद असते म्हणूनच लागत नाही," ती म्हणाली. "इथे आता काही आवाजच नसतो. आई स्वयंपाकघरात, तुम्ही मशीनवर, असं ऐकत झोपायचे मी. आता इथे पडलं की नुसतं कान देऊन जागी राहते."

मास्तर उठले. बिनदाराच्या चौकटीला पडदा तर लागणारच होता. त्यांनी कापड काढलं, झाकण बाजूला केलं आणि मशीनवर बसून पाय मारायला सुरुवात केली. जुनी मशीन खडखडली. मास्तरांनी वळून बघितलं नाही.

पडदा शिवून झाला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मास्तर पाय थांबवणार, तेवढ्यात त्यांना आतून एकसारखा, संथ श्वास ऐकू आला. ते चपापले. मशीन थांबली की ती जागी होणार, आणि जागी झाली की हॉटेल. त्यांनी पडदा फिरवून पुन्हा मशीनखाली घातला आणि त्याच शिवणीवरून दुसरी शिवण मारली. मग तिसरी मारली. दोरा संपला तेव्हा बिनदोऱ्याची मारली. मध्येच पुढे वाकून त्यांनी तिची बॅग हळूच उचलली, दबकत नेऊन पायथ्याच्या पेटीत ठेवली आणि एका उडीत परत येऊन पाय सुरू केले.

तेवढ्यात बाहेरचं दार करकरलं. मिस्त्री आपलं चार्जिंगला लावलेलं यंत्र न्यायला आला होता. मास्तरांनी पाय न थांबवता तोंडावर बोट ठेवलं. मिस्त्रीने आत डोकावून बघितलं, बिनदोऱ्याच्या मशीनकडे बघितलं आणि चवड्यांवर चालत जवळ आला.

"मास्तर," तो कानाशी कुजबुजला, "नवीन दाराचं माप घेऊ का उद्या?"

मास्तर पाय मारत राहिले.

"होऊन जाईल," ते म्हणाले.