समध्याच्या घरची वीज

सरकार बोलले म्हणजे काम झालेच, असा बिरसीच्या हिरालाल बिसेनांचा भाबडा विश्वास होता. दोन हजार अठरात राज्याने विजेच्या गाड्यांचे धोरण काढले. 'आता पेट्रोलपंपावरही चार्जिंग मिळणार,' असे दुकानदाराने छातीठोक सांगितले आणि हिरालाल बॅटरीवाली स्कूटर घेऊन मोकळे झाले. आज तीच स्कूटर गोंदियाहून पेढे आणताना नागऱ्याजवळ गप्प झाली. संध्याकाळी धाकट्या रचनाला पाहायला पाहुणे येणार आणि मुलीचा बाप रस्त्यावर!

घाम पुसत त्यांनी स्कूटर पंपापर्यंत ढकलली.

"धोरण आलं काका, पिलग नाई आला," पंपावरचा माणूस म्हणाला.

नागऱ्यात थोरली रिंकी दिलेली होती. तिचे सासरे ईश्वरदास वीज कंपनीतून निवृत्त झालेले. समधी, म्हणजे व्याही, दारात दिसताच त्यांनी लगबगीने वायर ओढली.

"थांबा समधीजी!" हिरालाल ओरडले. "बेटीच्या घरचं आमी पाणीही पीत नाई. वीज कशी घेऊ?"

"तुमी कुठं पिऊन राहिले? गाडी पिऊन राहिली."

"गाडी माहीच ना? तिच्या पोटात गेलं ते माह्याच पोटात गेलं."

"मंग शेजारी लावा."

"बेटीच्या अख्ख्या गावचं चालत नाई जी."

ईश्वरदासांनी वायर खाली ठेवली. हिरालालांना एकदम तोड सुचली. "पैसे घ्या ना! विकत घेतलं तं दोष नाई."

ईश्वरदास दचकले. "बिना लायसनची वीज विकू? म्हातारपणी जेलात धाडता का मले?"

"नव्या धोरणात चालते म्हणतेत."

"कोण म्हणते?"

"दुकानदार."

"मंग त्याच्याच घरी जाऊन लावा!"

फुकट घेतली तर धर्म बुडतो, विकत घेतली तर कायदा मोडतो. धरले तर चावते, सोडले तर पळते. हिरालालांचे डोके पार चक्रावले. पाहुणे येऊन परत गेले, तर रचनाला तोंड कसे दाखवायचे? त्यांना रडूच यायचे बाकी होते.

इतका वेळ दारात उभी असलेली रिंकी पुढे आली. "बाबूजी, गाडी मलेच देऊन टाका. बेटीले देण्यात कायचं पाप? माही गाडी माह्या घरची वीज खाईन. मीच तुमाले बिरसीले सोडून देईन."

"अन् तुह्या गाडीवर बसलो तं?"

"बसल्यानं पोटात काई जात नाई."

हे मात्र सगळ्यांना पटले. हिरालालांनी स्कूटरवर हात ठेवून "देल्ली" म्हटले आणि ईश्वरदासांनी लगेच बटण दाबले. दुपारभर स्कूटर पोटभर जेवली. हिरालाल उपाशी बसले.

बापलेक बिरसीला पोचले, तेव्हा पाहुणे नुकतेच ओसरीवर टेकत होते. हिरालालांचा जीव भांड्यात पडला. रिंकीने त्यांना पेढ्यांसकट उतरवले आणि स्कूटर वळवली.

"अवं, गाडी कुठं नेतं?"

"बेटीले देलेलं परत घेते का कोणी?" रिंकी हसली आणि भुर्रकन निघून गेली.

मुलाचे वडील छोटेलाल हे सगळे मोठ्या कौतुकाने पाहत होते. "थोरलीले गाडी देल्ली वाटते?"

हो म्हणावे की नाही, हिरालालांना काही कळेना. गडबडीत ते बोलून गेले, "सरकारचं धोरण हाय ते."

छोटेलालांनी पेढा उचलला. "वा! मंग धाकटीलेही लागू असनच."