हमीदाआपाची मूठ

हमीदाआपा रोज सकाळी स्वतःची मूठ मोजते.

चहा ठेवायच्या आधी ती ओट्यावर बसते आणि उजव्या हाताची मूठ मिटायला घेते. ती पूर्ण मिटत नाही. मग बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये जेवढी फट राहते, तिच्यात एकावर एक काचेच्या बांगड्या सरकवते. जेवढ्या बसतील तेवढा त्या दिवसाचा आकडा; आकडा कमी म्हणजे मूठ जास्त मिटली. तो भिंतीवरून मला ओरडून सांगितल्याशिवाय ती चहाला हात लावत नाही.

"बाई, आज सहा!"

मी शाळेत शिकवते; डबा भरता भरता म्हणते, "काल सात होत्या आपा, छान!" एकदा माझा भाऊ मुक्कामाला होता. तो दाढी करता करता म्हणाला, "शेजारीण अंडी विकते का गं?"

आपा अंडी नाही, बांगड्या विकते. पाटोद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटं दुकान आहे. विकते म्हटलेलंही तिला आवडत नाही. "इकतं कुनीबी. आमी भरतो." आणि ते खरंच होतं. केवढाही आडमाप हात असो, आपा साबणाचं पाणी लावायची, अंगठ्याच्या बुडाशी दाबायची, तुमच्या सासूची चौकशी करायची, आणि सासूविषयी तुम्ही सांगायला लागेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. हात फारच हट्टी निघाला की ती त्या हाताकडे बघून म्हणायची, "सोडती का मी!" नारायणगडच्या जत्रेत तिच्यापुढे बायका ताटकळत बसायच्या, पण शेजारच्या मोकळ्या दुकानात जायच्या नाहीत.

पाच वर्षांपूर्वी तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी हात लाकडासारखे व्हायचे. थंडीमुळे असेल म्हणून तिने हिवाळा काढला, उन्हाळाही तसाच गेला. मग एका दुपारी गल्लीत एवढा मोठा खळकन आवाज झाला की आम्ही सगळ्या धावलो. बांगड्यांची भरलेली पेटी आपाच्या हातून सुटली होती. ती मधोमध उभी होती, चारी बाजूंना हिरव्या-लाल काचा. तिच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आपा तेवढंच म्हणाली, "वाढल्या." आणि झाडू घ्यायला वाकली, तर तिला झाडूही धरता येईना.

डॉक्टरांनी आमवात सांगितला. बरा करून टाकण्यासारखा हा आजार नाही, पण औषध आणि व्यायाम न चुकवता केला तर ताब्यात राहतो, असंही सांगितलं. आपाने त्यातलं "ताब्यात" तेवढं उचललं.

गल्लीने मात्र इलाज सुरू केले. कुणी निरगुडीचा पाला आणला, कुणी एरंडेल, कुणी उंटिणीच्या दुधाचा पत्ता काढला. आपा सगळ्यांचं मन लावून ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "तुमी बरे झाले का त्यानं?" किराणावाले काका म्हणाले, "मी नाही, माझ्या साडूची बहीण झाली." आपा म्हणाली, "लावा फोन तिला." काकांना लावावाच लागला. तिकडून साडूच्या घरातून कुणीतरी सांगितलं, बहीण बोलू शकणार नाही, गुडघे धरल्यामुळे चार दिवस अंथरुणातच आहे. त्यानंतर गल्लीतले इलाज बंद पडले.

बीडच्या डॉक्टरीणबाईंशी तिचं वेगळंच भांडण झालं. त्यांनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये सांगा, किती दुखतं?" आपा गोंधळली. "दहात कसं सांगू? आमच्याकडं डझनात असतंय." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, डझनात सांगा." "मग दीड डझन." तेव्हापासून तिच्या कागदावर बारापैकी आकडा लिहितात म्हणे. दीड डझनाचं त्यांनी काय केलं कोण जाणे.

मूठ मोजणं त्याच सुमारास सुरू झालं. पहिल्या दिवशी तेरा बसल्या होत्या. गरम पाण्यात हात शेकायचा, बोटं एकेक करून मिटायची, उघडायची, कपडा पिळायचा, कणकेचा गोळा दाबायचा. हे सगळं ती दातओठ खाऊन करायची आणि मधूनच बोटांना दम द्यायची, "सोडती का मी!" पुण्याला गॅरेजमध्ये असलेला तिचा मुलगा अन्वर दर शुक्रवारी फोन करायचा. "अम्मी, इकडंच ये ना ऱ्हायला." ती म्हणायची, "आकडा पाचवर आला की सांगते." पाचवर आला, तेव्हा म्हणाली, "आता कावून येऊ? आता तर हात चालाया लागला."

मग बांगड्या भरायचा सराव सुरू झाला. संध्याकाळी भिंतीवरून हाक यायची, "बाई, हात द्या." मी द्यायची. ती घाम येईपर्यंत दाबायची, बांगडी अंगठ्यापाशी अडायची आणि कडकन मोडायची. "वाढली. तुमचाच हात कडक हाय, माझी बोटं न्हाईत." माझ्या मनगटावर इतके ओरखडे उठले की मुख्याध्यापकांनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

आकडा चारवर आला आणि आपाने परस्पर गोळ्या बंद केल्या. बरं वाटतंय तर गोळी कशाला, असा तिचा हिशोब. मला कळलं नाही. एक दिवस सकाळी भिंतीवरून आवाजच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. मनगटं सुजलेली, केस मोकळे. डोक्यापर्यंत हात जात नव्हता. मी मागे बसले आणि तिची वेणी घातली. आठ दिवस रोज घातली. आठही दिवस तिने एकदाही मूठ मोजली नाही.

नवव्या दिवशी मी फणी घेतली तशी म्हणाली, "बाई, चूक आजाराची न्हाई, माझी हाय. बीडला जाऊन आले काल. गोळ्या चालू केल्या." मग मूठ पुढे केली. "अकरा हायत. पुन्ना मोजायचं. त्यात काय!"

पुन्हा चारवर यायला तिला वर्ष लागलं.

यंदा दिवाळी संपली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. निघण्याआधी बायका बांगड्या भरून घेतात. इतकी वर्षं त्या दुकानातून घेऊन स्वतःच कशाबशा चढवत होत्या. त्या दिवशी आपाने ओट्यावर सतरंजी अंथरली, आणि जवळच्या वस्तीवरची कौसाबाई समोर येऊन बसली. कोयता धरून धरून तिचा हात दगडासारखा झाला होता. मला वाटलं, पहिलाच हात एवढा अवघड नको होता.

एकेका हातात चारच बांगड्या. पण अर्धा तास झाला तरी दुसरा हात संपेना. ट्रॅक्टर रस्त्यात उभा, वर पोरंबाळं, भांडी, शेळ्या. मुकादम हॉर्न वाजवायला लागला. "आपा, उरका की! कारखान्यावर पोचायचंय!"

आपाने मान वर केली नाही. "थांब बे! ऊस काय पळून चाललाय व्हय?"

ट्रॅक्टरवरच्या बायका खो खो हसल्या. मुकादमाने हॉर्न सोडला आणि बिडी काढली. आपाच्या कपाळावरचा घाम कौसाबाईने आपल्या पदराने पुसला. शेवटची बांगडी सरकली तेव्हा कौसाबाईने दोन्ही हात वर करून ट्रॅक्टरला दाखवले. आपा मात्र लगेच उठली. आत जाऊन तिने हात गरम पाण्यात घातले आणि बराच वेळ काढले नाहीत.

पुढच्या महिन्यात माझं बीडला प्रशिक्षण निघालं. त्याच दिवशी आपाची तपासणी होती. दर महिन्याला ती मांजरसुंब्यावरून बीडला जायची, आणि मी सोबत येते म्हटलं की सांगायची, "बहीन हाय ना बीडात. स्टँडवर घ्यायला येती. तुमी कावून रजा घालवता?" आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना ती हेच सांगायची. त्या दिवशी दुपारी मला लवकर सोडलं. म्हटलं, या बहिणीला एकदा भेटावं. पेढे घेतले आणि दवाखान्यात गेले.

आपा मला पाठमोरी दिसली. बाकावर बसली होती, शेजारच्या जागेवर तिची पिशवी. गर्दी खूप होती. एकाने विचारलं, "मावशी, पिशवी उचलता का?"

"बहीन बसलीय हितं," आपा म्हणाली. "पानी आनायला गेलीय."

मी दाराशी थांबले. बहीण आली नाही. थोड्या वेळाने एका म्हाताऱ्या बाईने विचारलं. आपाने तेच सांगितलं, आणि मग स्वतःच पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा तुमी. तिला येळ लागंल."

म्हातारीचा नंबर लागला. ती आत गेल्यावर मी जाऊन त्या जागेवर बसले. आपाने वळून पाहिलं. माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा पाहिला.

"कोनासाठी?"

"तुमच्या बहिणीसाठी."

तिने मांडीवरची पिशवी खाली उतरवली. "चार वर्सं झाली तिला जाऊन," ती म्हणाली. "पैल्या दोन-तीन खेपा आली ती माझ्यासंगं. हितंच बसायची."

"मग मला का नाही सांगितलं आपा? मी आले असते ना."

"म्हनून तर न्हाई सांगितलं. एकटी असले की मला रडू येत न्हाई, बाई. कुनी संगं असलं की येतं."

आणि ते आलं. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, ती माझ्या खांद्यावर टेकून रडली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आतून तिचं नाव पुकारलं. आपाने पदराने तोंड पुसलं, चष्मा लावला आणि माझा दंड धरून उठली. मीही तिच्याबरोबर आत गेले. रक्त घ्यायला नर्सने सुई तयार केली आणि आपाचा उजवा हात पुढे ओढला. आपाने तो झटकन मागे घेतला.

"ह्यातून न्हाई पोरी, डाव्यातून घे," ती म्हणाली. "उजवा कामाचा हाय."