आगाऊ आलेलं लुगडं

तुलाराम चार दिवसांपासून आईला उलटून बोलत नव्हता, आणि चंद्रभागाबाईला हे बिलकूल खपत नव्हतं. पाणी माग, आणून देई. बैल म्हण, मान डोलवी. तीस वर्षं ज्या पोरानं एका शब्दाला चार शब्द परत केले, त्याला गाईची चाल कुठून आली?

दोन महिन्यांपूर्वी नागपूरला तिच्या अंडाशयाची गाठ काढली होती. गाठ कॅन्सरची, हे तिला ठाऊक होतं. टाके भरले तशी ती कोंढा गावच्या शेतात धुऱ्याच्या बांधावर उभी राहून धानाच्या रोवण्याच्या बायांवर ओरडूही लागली होती. पण चार दिवसांपूर्वी तुलाराम एकटाच जाऊन तिच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला आणि घर बिघडलं.

आधी सुनेनं न मागता सायीचं दूध पुढे केलं. मग शेजारची मंदाबाई बोडीच्या तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा घेऊन आली. धुऱ्याच्या भांडणावरून दोघींचं बोलणं सात वर्षं बंद होतं.

"खा वो बाई," मंदाबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाली. "आखीन काय खावंसं वाटते तुमाले?"

"तुह्या धुऱ्याची दोन हात जमीन!"

"घ्या वो बाई, घ्या."

तेव्हा मात्र चंद्रभागाबाईनं रश्श्याचा गंज न चाखताच बाजूला सरकवला.

दुपारी नाकाडोंगरीहून धाकटा भाऊ जागेश्वर टपकला. दहा वर्षांत भाऊबीजेला फिरकला नव्हता. बाजेवर टेकला, पण काखेतली पिशवी सोडेना. तिनं ती ओढलीच. आतून कोरं लुगडं निघालं. बाई गेली की तिच्यावर माहेरचं लुगडं घालतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"काहून रे, हे माह्यासाठी?"

"तुलारामचं पत्र आलं, बाई. म्हटलं, आयत्या वेळी धावपळ कायले..."

"अन् इतकं विरविरीत? मेल्यावर बाईले दिसत नाही म्हणून?"

ती तुलारामकडे वळली. "डाक्टर काय बोलला? शब्दाले शब्द सांग."

तुलाराम रडकुंडीला आला. "तुह्या रक्तात एक चीज सापडली, माय. रक्त आपल्याच अंगातल्या गाठीशी लढाले उठलं म्हणे. आपलंच आपल्यावर उठलं, मंग राहिलं काय?"

"मरते म्हणला?"

"नाही. म्हणे, ज्यांच्या रक्तात हे सापडते त्या बायांचं पुढं कसं जाते, ते आमी पाहून राहिलो. कोणाले बरं जाते, कोणाले नाही. आत्ताच सांगता येत नाही. तीन महिन्यानं रक्त द्याले आणा."

"म्हणजे जे डाक्टरले समजलं नाही, ते तुले समजलं?"

ती तरातरा आत गेली. बाहेर आली ती तेच कोरं लुगडं नेसून, कासोटा करकचून खोचून.

"बाई, ते जितेपणी नेसाचं नसते!" जागेश्वर उभाच राहिला.

"नेसली. आता दुसरं आणजो, जाड पोताचं. घाई नाही."

मग ती रश्श्याचा गंज पुढ्यात ओढून बसली आणि तोंडात घास घेण्याआधी पोराकडे बोट रोखलं.

"आयक तुलाराम. तीन महिन्यानं म्या सोता जाईन अन् सोता इचारीन. जगणं-मरणं मंग पाहू. पण माहं रक्त कोणी न सांगता लढाले उठलं, अन् तू माह्या पोटचा, लढाई सुरू होत नाही तं मयताचं पत्र टाकून आला. तुह्यापेक्षा माहं रक्त कामाचं निघालं रे!"